खाऊ देऊन कुत्र्याला पायाशी चालायला शिकवताना

घरात पहिल्यांदाच कुत्रा आणलेला माणूस रस्त्यावर लगेच ओळखू येतो. पट्टा ताणलेला असतो, हात खांद्यापासून पुढे खेचला गेलेला असतो आणि कुत्रा दोन पावले पुढे, गळपट्ट्याने घसा आवळल्यामुळे खाकरत चाललेला असतो. हे चित्र बदलता येते आणि त्यासाठी आरडाओरडा करावा लागत नाही की पट्ट्याला हिसडे द्यावे लागत नाहीत. हरभऱ्याच्या दाण्याएवढे खाऊचे तुकडे, दिवसातून दोन-तीन वेळा पाच-पाच मिनिटे आणि तो तुकडा नेमका कोणत्या जागी द्यायचा याचे भान, एवढ्या भांडवलावर हे शिक्षण होते. नवशिक्यांच्या हातून यातली शेवटची गोष्ट हमखास निसटते आणि सगळे यश तिच्यावरच अवलंबून असते, म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत तिचा उल्लेख येईल.

‘हील’ म्हणजे कुत्र्याने आपल्या डाव्या पायाशी चालणे. त्याचा खांदा आपल्या विजारीच्या बाजूच्या शिवणीच्या रेषेत असावा, पट्टा सैल लोंबता असावा, आपण थांबलो की त्यानेही थांबावे आणि आपण वळलो की त्यानेही वळावे. डावी बाजू हा जुना संकेत आहे, कारण बहुतेकांचा उजवा हात कामाचा असतो आणि तो मोकळा राहिलेला बरा. आज्ञापालनाच्या स्पर्धांमध्येही कुत्रा डावीकडेच चालवतात. तुम्ही डावखुरे असाल तर उजवी बाजू निवडायला हरकत नाही, मात्र एकदा निवडलेली बाजू बदलू नये आणि घरातल्या सर्वांनी तीच पाळावी.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे, की संपूर्ण फेरफटका पायाशी चालवून काढणे ही कुत्र्यावर जबरदस्ती आहे. कुत्रा जग नाकाने वाचतो आणि खांब, झाडाचे बुंधे, कंपाउंडचे कोपरे हुंगणे ही त्याची खरी करमणूक असते. ‘हील’ची गरज रस्ता ओलांडताना, इमारतीच्या जिन्यात, शाळेतून मुले सुटलेली असताना किंवा गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांसमोरून जाताना पडते. अर्ध्या तासाच्या फेरीत अशी वेळ सगळी मिळून पाच-सात मिनिटांची असते आणि तेवढ्यापुरतेच आपण त्याच्याकडून हे लक्ष मागायचे असते.

कुत्रा ओढतो तो आपल्यावर हुकमत गाजवण्यासाठी, असा समज अजूनही बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात मध्यम आकाराच्या कुत्र्याची सहज दुडकी चाल माणसाच्या चालीपेक्षा वेगवान असते, शिवाय पुढे सारखा नवा वास असतो आणि ओढले की तो वास लवकर मिळतो. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती कृती पुन्हा पुन्हा होते, हे एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने मांजरांवरील प्रयोगांतून १८९८ साली मांडले. ओढल्यावर आपण त्याच्या मागे चार पावले गेलो, की ती चार पावले हेच ओढण्याचे बक्षीस ठरते. म्हणून आपल्याला एकाच वेळी दोन गोष्टी करायच्या असतात. ओढण्याचा फायदा बंद करायचा आणि पायाशी राहण्याचा फायदा सुरू करायचा.

सुरुवातीची तयारी

पिल्लू असेल तर घरातला सराव आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करता येतो, पण लसीकरण पूर्ण झाल्याचे पशुवैद्यकाने सांगेपर्यंत त्याला इतर कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर उतरवू नये. मोठ्या वयाचा कुत्राही हे शिकतो. त्याची ओढण्याची सवय जुनी असल्यामुळे त्याला वेळ अधिक लागतो, इतकेच.

साहित्य थोडे लागते. साधा रुंद गळपट्टा किंवा छातीवर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्यावा. गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून त्यांच्यासाठी हार्नेसच निवडावा. पट्टा दीड ते दोन मीटर लांबीचा, कापडी आणि हाताला न काचणारा असावा. ज्याची दोरी डबीतून आपोआप बाहेर येते तो पट्टा या कामी घेऊ नये, कारण त्यात सदैव थोडा ताण असतो आणि ताण जाणवणे हीच चालण्याची रीत आहे असे कुत्रा समजतो. गळा आवळणारी साखळी आणि आत टोकदार दाते असलेला गळपट्टा यांना या पद्धतीत स्थान नाही. वेदनेमुळे ओढणे थांबलेले दिसते, पण ती वेदना कुत्रा समोर दिसणाऱ्या माणसाशी किंवा कुत्र्याशी जोडतो आणि पुढे त्यांच्यावरच गुरगुरू लागतो.

खाऊ मऊ, वासाचा आणि चावत बसावे न लागणारा असावा. मीठ-मसाला न घालता उकडलेले, हाडे काढलेले चिकन सर्वांत उत्तम. शाकाहारी घरात पनीरचे तुकडे, उकडलेले रताळे किंवा गाजर चालते, आणि खादाड कुत्र्याला त्याचे रोजचे कोरडे खाद्यसुद्धा घरातल्या सरावासाठी पुरते. आपल्या स्वयंपाकघरातल्या काही गोष्टींपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात, त्यामुळे वाटणातले चिकन धुऊन देणेही योग्य नाही. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात, म्हणून मनुका घातलेला शिरा किंवा लाडू देऊ नये. चॉकलेट आणि झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ घातलेले खाणेही विषारी आहे. दिवसभरात दिलेला सगळा खाऊ त्याच्या रोजच्या आहाराच्या सुमारे दहा टक्क्यांहून अधिक उष्मांकांचा नसावा आणि तेवढे अन्न जेवणातून कमी करावे. लॅब्राडॉर पाळणाऱ्यांनी याबाबत विशेष जपावे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ साली असे आढळले, की या जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा काही भाग गळालेला असतो आणि त्याचा संबंध वाढलेल्या वजनाशी व खाण्याच्या हव्यासाशी आहे.

घरात, पट्ट्याशिवाय

पहिले दोन दिवस चालायचेच नाही. आधी एक खुणेचा शब्द पक्का करायचा. ‘यस्’ हा शब्द पुष्कळ जण वापरतात, कारण तो तोकडा आहे आणि मराठी घरात इतर वेळी फारसा उच्चारला जात नाही. ‘शाब्बास’ लांब पडतो, तो पाठ थोपटताना वापरावा. क्लिकर म्हणजे बोटाने दाबायची छोटी डबी, तिचा टिकटिक आवाजही चालतो. कुत्रा समोर असताना ‘यस्’ म्हणावे आणि लगेच तुकडा द्यावा, असे दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. शब्द ऐकताच त्याची मान झटकन आपल्याकडे वळू लागली, की हा शब्द त्याच्यासाठी ‘बरोबर केलेस, खाऊ येतो आहे’ या अर्थाचा झाला. याचा उपयोग असा, की योग्य क्षण आणि खाऊ हातात येणे यांत जे अंतर पडते ते शब्दाने भरून निघते. शब्द त्याच क्षणी उच्चारायचा असतो, खाऊ सेकंदाभराने आला तरी चालतो.

नंतर जागा शिकवायची. घरातल्या मोकळ्या भिंतीशी अशा रीतीने उभे राहावे, की भिंत आपल्या डावीकडे येईल आणि आपण व भिंत यांच्यामध्ये कुत्र्यापुरती वाट राहील. भिंतीमुळे त्याला तिरके उभे राहता येत नाही. डाव्या हाताच्या चिमटीत तुकडा धरून तो कुत्र्याच्या नाकासमोर न्यावा आणि हात हळूहळू मागे घेत विजारीच्या शिवणीला टेकवावा. नाकामागे कुत्रा येतो आणि त्याचा खांदा शिवणीशी पोचला, की ‘यस्’ म्हणून तुकडा तिथल्या तिथे, शिवणीला हात टेकलेला असतानाच द्यावा. हात पुढे गेला तर कुत्रा पुढे सरकायला शिकतो, हात पोटासमोर आला तर तो आपल्या पायांसमोर आडवा यायला शिकतो. खाऊ जिथे मिळतो तिथे कुत्रा उभा राहतो आणि पुढे तिथेच चालतो.

हे मी चुकून शिकले. माझी बुंदी ही साधी गावठी कुत्री आहे, तपकिरी ठिपक्यांची. तिला शिकवताना मी खाऊ कुडत्याच्या उजव्या खिशात ठेवत असे आणि उजव्याच हाताने पोटावरून पलीकडे देत असे. दोन आठवड्यांत ती इतकी मन लावून चालू लागली, की तिची नजर माझ्या उजव्या खिशावरून हलत नसे, आणि त्या खिशाकडे पाहण्यासाठी ती दर चौथ्या पावलाला माझ्या पायात येई. एके सकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी तिला अडखळून पडले. तिने काहीच चुकीचे केले नव्हते. मी जे शिकवले तेच ती प्रामाणिकपणे करत होती. खाऊची पिशवी कमरेला डावीकडे, किंचित मागच्या अंगाला बांधली आणि फक्त डाव्या हाताने, शिवणीलगत द्यायला सुरुवात केली, तेव्हा चार दिवसांत तिचे चालणे सरळ झाले. म्हणून पट्टा उजव्या हातात आणि खाऊ डाव्या हातात, ही विभागणी पहिल्या दिवसापासून ठेवावी.

कुत्रा फारच बुटका असेल तर दर वेळी वाकल्याने कंबर दुखते, शिवाय आपण वाकलो की तो समोर येतो. अशा वेळी लांब दांड्याच्या लाकडी चमच्याच्या टोकाला थोडा चक्का लावून तो चमचा पायाशी खाली न्यावा.

आमिष लवकर सोडावे

हातात तुकडा दाखवून कुत्र्याला नेणे हे आमिष, आणि त्याने काम केल्यावर तुकडा देणे हे बक्षीस. या दोहोंतला फरक न कळल्यामुळे ‘हातात खाऊ असेल तरच माझा कुत्रा ऐकतो’ ही तक्रार जन्माला येते. आमिष पाच-सहा वेळाच वापरावे. त्यानंतर हाताची तीच हालचाल रिकाम्या चिमटीने करावी, कुत्रा शिवणीशी आला की ‘यस्’ म्हणावे आणि मगच पिशवीत हात घालून तुकडा काढावा. पहिल्या वेळी तो रिकामी बोटे हुंगून गोंधळेल. एक-दोन सेकंद थांबावे, बहुतेक कुत्रे येतातच. तो आलाच नाही तर एकदा तुकड्यासह आणि पुढच्या वेळी रिकाम्या हाताने, असा आलटून-पालटून सराव करावा.

आता पाऊल टाकायचे, तेही एकच. कुत्रा डावीकडे उभा असताना डावे पाऊल पुढे टाकावे, कारण तो पाय त्याच्या डोळ्यांजवळ असतो आणि तेच पाऊल पुढे निघण्याची खूण बनते. तो सोबत सरकला, की ‘यस्’ आणि शिवणीला खाऊ. असे दहा वेळा जमले की दोन पावले, मग तीन. चालता चालता खाऊ देता येत नसेल तर थांबून द्यावा, पण हात खाली नेल्यावर आपला खांदा त्याच्याकडे वळत नाही ना, हे पाहावे; खांदा वळला की कुत्राही वळतो.

आज्ञेचा शब्द नवशिके पहिल्याच दिवशी वापरू लागतात आणि कुत्रा भलतेच काही करत असताना तो शब्द ऐकून ऐकून निरर्थक होऊन जातो. पाच-सहा पावले बिनचूक पडू लागली, म्हणजेच कृती आधी तयार झाली, की मग तिला नाव द्यावे. ‘हील’ किंवा ‘सोबत’ हे दोन्ही शब्द चांगले आहेत. ‘चल’ हा शब्द टाळावा, कारण तो आपण घरात दिवसभर मुलांना, पाहुण्यांना, फोनवर बोलणाऱ्यालाही म्हणत असतो. शब्द आधी एकदाच उच्चारावा, अर्धा क्षण थांबावे आणि मग पाऊल टाकावे. शब्द आणि पाऊल एकदम आले, तर कुत्रा पावलाकडेच लक्ष देतो आणि शब्द त्याच्या कानावरून जातो.

पावले वाढवताना रोज एकेक करून वाढवत जाऊ नये. दर वेळी काम अवघडच होत गेले, तर कुत्र्याचा उत्साह मावळतो. तीन पावलांनंतर खाऊ, मग सहा, मग दोन, मग आठ, मग एकच, अशी अनिश्चितता ठेवावी. पुढच्या पावलाला मिळेल की त्याच्या पुढच्या, हे न कळल्यामुळे तो लक्ष ढळू देत नाही. याच सुमारास वळणेही शिकवावीत. आपण उजवीकडे वळलो, की डावीकडचा कुत्रा बाहेरच्या अंगाला येतो आणि त्याला वेग वाढवावा लागतो. डावीकडे वळलो, की त्याला थबकून वाट द्यावी लागते. म्हणून पुढे पळणाऱ्या कुत्र्याबरोबर डावी वळणे जास्त घ्यावीत आणि मागे रेंगाळणाऱ्याबरोबर उजवी. आपली चाल मधूनच जलद व मधूनच संथ केली, की तो आपल्या पायांकडे पाहायला शिकतो.

रस्त्यावर

घरात पक्के झालेले काम गल्लीत अर्ध्यावर येते, हे आधीच गृहीत धरावे. कुत्र्याला जागा बदलली की धडाही नवा वाटतो. घरातून जिन्याच्या चौकात, तिथून इमारतीच्या पार्किंगमध्ये, मग पहाटेच्या निवांत गल्लीत आणि शेवटी वर्दळीच्या रस्त्यावर असा प्रवास करावा, आणि प्रत्येक नव्या ठिकाणी पुन्हा एका पावलापासून आरंभ करावा. जागा अवघड केली, की पावले कमी करावीत आणि खाऊ चांगला द्यावा. घरात कोरडे खाद्य पुरत असेल तर रस्त्यावर चिकन काढावे.

पट्टा ताणला गेला, की त्याच क्षणी थांबावे आणि दोन्ही पाय रोवून उभे राहावे. ओढू नये, बोलू नये, हात कमरेशी ठेवावा. कुत्रा काही वेळाने मागे वळून पाहतो किंवा अर्धे पाऊल मागे येतो आणि पट्टा सैल होतो. तिथे ‘यस्’ म्हणून खाऊ शिवणीशी द्यावा, म्हणजे तो घेण्यासाठी त्याला परत जागेवर यावेच लागते. पहिल्या आठवड्यात शंभर मीटर जायला पंधरा मिनिटे लागू शकतात. कामावर जायची घाई असेल त्या सकाळी हा सराव करूच नये. त्या वेळी हार्नेस घालून साधे फिरवून आणावे आणि शिकवण्याच्या वेळी गळपट्टा वापरावा. दोन वेगळ्या साधनांमुळे दोन प्रकारच्या फेऱ्या कुत्र्याला वेगळ्या कळतात. ज्यांना हार्नेसच वापरायचा आहे त्यांनी शिकवण्याच्या वेळी पट्टा पाठीच्या कडीऐवजी छातीच्या कडीला अडकवून हा भेद राखावा.

आपल्याकडच्या रस्त्यांवर खरी परीक्षा मोकाट कुत्र्यांसमोर होते. समोर कुत्रा दिसताच आपला कुत्रा ताठरतो, तोंड मिटतो, कान पुढे रोखतो. नेमके त्याच वेळी एक तुकडा त्याच्या नाकाशी धरून पाहावा. त्याने खाल्ला तर अंतर ठीक आहे. चिकन नाकाला लागूनही तो घेत नसेल तर आपण फार जवळ आलो आहोत, आणि त्या अंतरावर कोणतेही शिक्षण होत नाही. शांतपणे उलट वळावे, तो खाऊ घेऊ लागेल इतके लांब जावे आणि तिथून चार पावले ‘सोबत’चा सराव करावा. दिवसागणिक हे अंतर आपोआप कमी होत जाते. मोकाट कुत्रे जवळ असताना खाऊ जमिनीवर टाकू नये, त्यावरून भांडण जुंपते. आपला कुत्रा दर वेळी दात विचकून अंगावर जात असेल किंवा भीतीने जमिनीला चिकटत असेल, तर ते ‘हील’चे काम नव्हे, आधी पशुवैद्यक आणि मग मारझोड न करणारा प्रशिक्षक गाठावा.

एप्रिल-मे महिन्यांत डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. ती टेकवत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही भाजतील. सूर्य मावळल्यावरही डांबर बराच वेळ तापलेले राहते, म्हणून संध्याकाळपेक्षा पहाट बरी. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना उकाड्यात दमही लवकर लागतो. फटाक्यांच्या दिवसांत बाहेरचा सराव बंद ठेवून घरातलाच करावा.

उत्तम चालणारा कुत्रा अचानक मागे राहू लागला किंवा पाऊल टाकायला कुरकुरू लागला, तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याचे पंजे पाहावेत. बोटांच्या बेचक्यात अडकलेली गोचीड, वाढलेली नखे किंवा सांध्याचे दुखणे हे कारण अनेकदा निघते.

खाऊ कमी करताना

गल्लीत वीस-पंचवीस पावले सैल पट्ट्याने पडू लागली, की खाऊ विरळ करावा, पण एकदम बंद करू नये. इथे कुत्र्याला मनापासून हवी असलेली दुसरी गोष्ट कामी येते. खांबापासून दहा पावलांवर ‘सोबत’ म्हणावे, ती दहा पावले तो पायाशी चालला की ‘यस्’ म्हणून ‘जा’ हा मोकळीकीचा शब्द उच्चारावा आणि त्याला खांबाशी हवे तितका वेळ हुंगू द्यावे. हा वेळ घड्याळ न पाहता द्यावा. बुंदीला पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायवाटेवर नेले, की ती पायथ्यापर्यंतचा रस्ता नीट सोबत चालते, कारण तिथे पोचल्यावर लांब दोरीवर तिला ‘जा’ मिळणार हे तिला ठाऊक आहे. मोरांच्या मागे लागू नये म्हणून दोरी मात्र सोडायची नाही.

मोकळीकीचा शब्द दर वेळी आठवणीने द्यावा. तो दिला नाही, तर ‘सोबत’ कधी संपले हे कुत्र्याला कळत नाही आणि तो स्वतःच ते ठरवू लागतो. घरातल्या दोघा-तिघांनी फिरवण्याचे काम वाटून घेतले असेल, तर ‘यस्’, ‘सोबत’ आणि ‘जा’ हे तीन शब्द एका कागदावर लिहून पट्टा टांगतो त्या खुंटीजवळ चिकटवावेत. वर्षभराने सगळे अंगवळणी पडले तरी फेरीला निघताना पिशवीत पाच-सहा तुकडे असू द्यावेत, आणि रस्त्यात एखादे मांजर स्कूटरखालून सटकले असतानाही त्याने आपल्याकडे वळून पाहिले, तर त्यातले तीन एकापाठोपाठ एक, शिवणीलगत, त्याला द्यावेत.